नक्कल आणि नाव

कल्याणहून कर्जतकडे जाणाऱ्या गाडीत बसले म्हणजे विठ्ठलवाडी मागे पडल्यावर उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर ही स्थानके अर्ध्या तासाच्या आत ओळीने येऊन जातात. नवख्या प्रवाशास तिन्ही गावे सारखीच वाटावीत. पण कारागिरीच्या दुनियेत त्यांची नावे निरनिराळ्या अर्थाने घेतली जातात. अंबरनाथ म्हटले की शके 982 चे, म्हणजे इ. स. 1060 चे शिलाहारकालीन शिवमंदिर आठवते, आणि त्यामागोमाग आगपेट्यांचा कारखाना, शस्त्रास्त्रांचा कारखाना व औद्योगिक वसाहतीतले गाळे आठवतात. बदलापूर म्हणजे पूर्वी घोडे बदलण्याचे ठिकाण, अशी लोकांची व्युत्पत्ती आहे. आता तेथे घोड्यांऐवजी लेथ फिरतात. उल्हासनगरचे नाव निघाले की मात्र ऐकणाऱ्याच्या ओठांवर किंचित हसू येते.

त्या हसण्याचे कारण साऱ्या मुंबई इलाख्याला ठाऊक आहे. एखाद्या वस्तूवर 'मेड इन यू. एस. ए.' असा शिक्का दिसला की गिऱ्हाईक विचारीत असे, ही अमेरिकेची, की उल्हासनगर सिंधी असोसिएशनची? असाच एक विनोद जपानविषयीही पाश्चात्त्य देशांत पिकला होता. क्यूशू बेटावर उसा नावाचे गाव आहे; ते नाव रोमन अक्षरांत मालावर छापून जगास चकविण्यासाठीच जपान्यांनी ते वसविले, असे लोक खुशाल सांगत. वास्तविक उसाचे देवालय आठव्या शतकातले. तेव्हा अमेरिकेचे नावच काय, तिकडे जाण्याची वाटही युरोपास ठाऊक नव्हती. विनोदाला इतिहासाची फारशी गरज नसते, हेच खरे.

उल्हासनगरच्या विनोदात तथ्य मुळीच नव्हते असे नाही. पण त्या तथ्यामागची कथा हसण्याजोगी नाही. दुसऱ्या महायुद्धात सरकारने कल्याणनजीक सैनिकांसाठी छावणी उभारली. युद्ध संपले, बराकी रिकाम्या झाल्या, आणि 1947 साली फाळणी झाल्यावर सिंधमधून घरदार सोडून आलेली लाखभर माणसे त्या बराकींत येऊन राहिली. 8 ऑगस्ट 1949 रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांनी तेथे कोनशिला बसविली आणि छावणीचे उल्हासनगर झाले. अजूनही तेथील माणूस पत्ता सांगताना कॅम्प नंबर सांगतो. जमीन नाही, पेढी नाही, ओळखीचा सावकार नाही, अशा माणसांनी जे हाताला लागेल ते उघडून पाहिले, आतून कसे आहे ते समजून घेतले आणि तसेच दुसरे करून स्वस्तात विकले. पोट भरण्याचा तो रस्ता होता. त्यावर परक्याच्या नावाचा शिक्का मारणे मात्र पोटाच्या पलीकडचे होते, आणि ह्या साऱ्या प्रकरणात नीतीचा प्रश्न उद्भवतो तो तेथेच.

शाळेत कित्ता गिरविणाऱ्या मुलास कोणी चोर म्हणत नाही. दुसऱ्याच्या वळणदार अक्षरावरून आपली लेखणी शंभर वेळा फिरविली म्हणजे एकशेएकाव्या वेळी स्वतःचे अक्षर उमटते. यंत्रविद्येतही हेच घडत आले आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी विलायती नांगर डोळ्यांपुढे ठेवूनच आपला लोखंडी नांगर घडविला. पण तो विकला किर्लोस्करांचा नांगर म्हणून. लोखंडाने जमीन नासते अशी समजूत असलेल्या शेतकऱ्यांची मने वळविताना त्यांना जे सोसावे लागले, तेही त्यांनी आपल्याच नावावर सोसले. जर्मनीची कथा तर अधिक बोधप्रद आहे. 1876 साली फिलाडेल्फियाच्या प्रदर्शनात फ्रान्झ रूलो ह्या जर्मन यंत्रशास्त्रज्ञाने आपल्याच देशाच्या मालास 'स्वस्त आणि वाईट' असे म्हटले. त्या काळी झोलिंगेनच्या सुऱ्यांवर शेफील्डच्या खुणा उमटविल्या जातात अशी ब्रिटिश कारखानदारांची ओरड होती. ब्रिटिश पार्लमेंटाने 1887 साली कायदा करून परदेशी मालावर उत्पत्तीचा देश छापण्याची सक्ती आणली, आणि दोन वर्षांनी त्याच धर्तीचा कायदा हिंदुस्थानातही झाला. इंग्रजांची कल्पना अशी की, 'मेड इन जर्मनी' हे शब्द कलंकासारखे चिकटतील. झाले ते उलटेच. आपल्याच नावाने माल विकावा लागतो म्हटल्यावर जर्मनांनी तो सुधारला, आणि काही वर्षांतच तोच शिक्का पाहून गिऱ्हाईक जास्त पैसे मोजू लागले.

ही सर्व पूर्वपीठिका सांगण्याचे कारण म्हणजे एक लहानशी वस्तू : जुन्या स्कूटरचा पिस्टन.

जुन्या गाड्यांचा शोक असलेली मंडळी आता शहरोशहरी आहेत. कोणाच्या घरी वडिलांची लँब्रेटा असते, कोणाकडे म्हैसूरला बनलेली जावा किंवा येझदी, कोणाकडे राजदूत, कोणाकडे टू-स्ट्रोक इंजिनाची चेतक. लँब्रेटा पूर्वी मुंबईत बनत असे. इटलीतला तिचा मूळ कारखाना बंद पडल्यावर तेथील यंत्रसामग्री सरकारने लखनौस आणली, आणि 1997 च्या सुमारास तेथेही स्कूटर बनविणे थांबले. म्हैसूरचा जावा-येझदीचा कारखाना 1996 साली बंद झाला. गाड्या मात्र राहिल्या. त्यांच्या मालकांस रविवारी सकाळी गाडी पुसण्यात आणि वर्षातून दोनदा लोणावळ्यापर्यंत नेण्यात जो आनंद मिळतो, त्याची थट्टा करणे सोपे आहे. पण वीणेच्या तारा जुळविण्यात वेळ घालविणाऱ्याची जशी कोणी थट्टा करीत नाही, तशी ह्यांचीही करू नये. इंजिन आहे म्हणजे ते झिजणारच, आणि झिजलेला भाग मूळ कारखान्याकडून मिळण्याची आशा नाही. अशा वेळी कामास येतो तो लहान कारागीर.

अंबरनाथ किंवा बदलापूरच्या वसाहतीतला असा एक गाळा डोळ्यांपुढे आणावा. दोन लेथ, एक मिलिंग यंत्र, एक ग्राइंडर, मालक स्वतः आणि दोन मदतनीस. पोटाचा धंदा मोठ्या कंपन्यांचे जॉब करून देण्याचा. पण मालक स्वतः जुन्या गाड्यांचा वेडा. त्यास वाटते, बाजारात मिळतो त्यापेक्षा चांगला पिस्टन आपण बनवावा. वरवर पाहता पिस्टन म्हणजे काय? ॲल्युमिनियमचा एक उपडा पेला. तो काटेकोर गोल असेल अशी आपली समजूत असते, आणि येथेच पहिला फसवा वळसा आहे. चांगला पिस्टन गोल नसतोच. ज्या बाजूस गजनपिन आडवी जाते त्या बाजूचा धातू जाड असतो व तो तापल्यावर अधिक फुगतो, म्हणून त्या दिशेने पिस्टन किंचित अरुंद ठेवावा लागतो. शिवाय माथा ज्वालेजवळ असल्याने सर्वांत अधिक तापतो, म्हणून माथ्याकडे तो पायथ्यापेक्षा निमुळता करावा लागतो. हा सारा फरक केसाच्या जाडीइतका किंवा त्याहूनही कमी. डोळ्यांस तो दिसत नाही, बोटास लागत नाही. इंजिन तापले की तोच लंबवर्तुळाकार, निमुळता पेला फुगून बरोबर गोल होतो आणि नळकांड्यात नीट बसतो. थंड असताना जो वाकडा, तोच गरम झाल्यावर सरळ. असे काही माणसांचेही असते.

दुसरी गोष्ट धातूची. नुसते ॲल्युमिनियम उष्णतेने फार फुगते. म्हणून पिस्टनच्या मिश्रणात शेकडा बाराच्या आसपास सिलिकॉन घालतात. त्याने फुगणे आवरले जाते आणि झीजही कमी होते. तिसरी गोष्ट गजनपिनेची. तिची कातडी काचेसारखी कठीण हवी आणि गाभा मात्र चिवट हवा. आपले लोहार ज्याला पाणी देणे म्हणतात, त्याच विद्येची ही पुढची पायरी आहे. पाणी कमी दिले तर पिन झिजते, आरपार दिले तर काडीसारखी मोडते. चौथी गोष्ट इतकी लहान आहे की सांगितल्याशिवाय लक्षातही येऊ नये. टू-स्ट्रोक इंजिनात रिंग फिरू नये म्हणून तिच्या खाचेत टाचणीच्या डोक्याएवढी एक खुंटी ठोकलेली असते. ती निसटली की रिंगेचे टोक नळकांड्याच्या झरोक्यात अडकते, आणि पुढचे सारे काही एका क्षणात होते.

आमचा हा गाळ्यातला कारागीर ह्या चारही गोष्टी पुस्तकांतून वाचू शकेल. पण किती अरुंद, किती निमुळता, किती पाणी, ह्या आकड्यांसाठी त्यास पिस्टन बनवावे लागतील, गाडीत घालावे लागतील, उन्हातान्हात घाट चढावे लागतील, आणि पिस्टन जाम होऊन गाडी थांबली की तो बाहेर काढून त्यावरचे ओरखडे वाचावे लागतील. एक वर्ष तरी ह्यात जाते. अखेर एक पिस्टन असा निघतो की तो थांबत नाही. त्याचे शंभर नग तो बनवितो, खोक्यावर आपले नाव छापतो आणि ओळखीपाळखीने विकू लागतो.

आता हिशेब पाहू. आकडे केवळ उदाहरणासाठी घेतलेले आहेत. साचा, फुकट गेलेले नग, वाया गेलेले दिवस आणि पेट्रोल मिळून दोन लाख रुपये खर्च झाला असे धरू. शंभर नगांवर तो वाटला तर प्रत्येकी 2000 रुपये पडतात. धातू, ओतकाम, मजुरी आणि वीज मिळून आणखी 800. म्हणजे नफ्याचे नाव न काढता 2800 रुपये झाले. ह्यातील एक नग कोणी विकत घेतो व परदेशी, बहुतकरून चीनमध्ये, पाठवितो. तेथे दोन लाखांचा खर्च कोणासच करावा लागत नाही. तो अंबरनाथच्या गाळ्यात आधीच झालेला आहे. पाच हजार नग एकदम पडतात, न्हावा-शेव्याच्या बंदरात उतरतात आणि 900 रुपयांस दुकानात येऊन बसतात. खोक्यावर चित्र कारागिराच्याच पिस्टनचे, आणि कित्येकदा नावही असे की एखादे अक्षर इकडचे तिकडे.

पण नक्कल करणाऱ्याने नक्की काय घेतले? जे दिसते तेवढेच. त्याने पिस्टन एका ठिकाणी मोजला आणि सर्वत्र तेवढाच गोल केला. पिस्टनवरूनच साचा काढला तर आणखी एक गंमत होते. ओतलेले ॲल्युमिनियम थंड होताना शेकडा सव्वा भागाच्या आसपास आकसते. म्हणून अनुभवी साचेकार आपला नमुना मुद्दाम तेवढा मोठा करतो. तयार वस्तूवरून साचा घेणाऱ्यास हे सुचले नाही तर त्याची प्रत मुळापेक्षा लहान निघते, आणि त्या प्रतीवरून कोणी प्रत काढली तर ती आणखी लहान. यंत्रावर तासलेली मापे सावरता येतात; आतल्या, न तासलेल्या भिंती मात्र पातळच राहतात. सिलिकॉनचे प्रमाण डोळ्यांस दिसत नाही, पिनेचे पाणी दिसत नाही, खुंटी घट्ट आहे की नुसती टेकलेली आहे हेही दिसत नाही. थोडक्यात, कारागिराने ज्यासाठी वर्ष घालविले तेवढेच नेमके गळून गेले. गिऱ्हाईक मात्र म्हणते, सारखाच तर आहे, मग 2800 कशाला? आणि तो नकली पिस्टन घाटात जाम होऊन मागचे चाक एकाएकी थांबले व स्वार पडला, तर दोष येतो खोक्यावरच्या नावास. ते नाव ज्याचे आहे त्यास ह्या पिस्टनचा एक पैसाही मिळालेला नसतो.

येथे एका गोष्टीचा खुलासा अवश्य केला पाहिजे. चिनी कारखान्यांस चांगला पिस्टन बनविता येत नाही असे कोणी समजू नये. जगातल्या नामांकित कंपन्यांचे भाग तेथेच बनतात. ज्या किमतीस माल मागावा त्या किमतीचा माल ते देतात. 900 रुपयांची मागणी इकडच्याच व्यापाऱ्याने केलेली असते. शिवाय ह्या बाबतीत आपले हातही फार स्वच्छ नाहीत. इंग्लंडात ग्लॉस्टरशायर परगण्यातल्या डर्सली गावी लिस्टर कंपनीचे एक संथ, अवजड डिझेल इंजिन 1929 च्या सुमारापासून बनत असे. जगभरच्या मळ्यांत त्याने पाणी उपसले. त्याच्या प्रती राजकोटच्या कारखान्यांनी इतक्या काढल्या की अमेरिकेतल्या हौशी लोकांनी त्यांस 'लिस्टरॉइड' असे नावच दिले. हे हौशी लोक राजकोटची इंजिने हौसेने मागवीत, आणि नव्या माणसास पहिला सल्ला असा देत की, इंजिन आले की चालवू नका. आधी पूर्ण उघडा आणि आत राहिलेली ओतकामाची वाळू धुऊन काढा. पुढे अमेरिकेच्या धुराविषयीच्या नियमांमुळे ती आयात अडली. राजकोटचे इंजिन राजकोटचे म्हणूनच विकले जात होते, मूळ हक्कांची मुदतही कधीच संपली होती. तेव्हा त्यास कोणी चोरी म्हणू नये. परंतु वाळूची गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. इंजिनाचा आकार उतरला. ते डर्सलीत धुतले जात होते, ही सवय उतरली नाही.

मग कायदा काय करतो, असा प्रश्न साहजिकच येतो. पेटंट मिळाले तर वीस वर्षे संरक्षण असते. पण पन्नास-साठ वर्षांपूर्वीच्या स्कूटरच्या पिस्टनवर पेटंट कोण देणार? तो नवा शोध नव्हे. 2000 सालच्या डिझाइन कायद्याने नोंदणीकृत आकारास आधी दहा आणि पुढे पाच अशी पंधरा वर्षे मिळतात; पण केवळ यांत्रिक उपयोगासाठी असलेला आकार त्या कायद्याच्या व्याख्येतूनच वगळला आहे. कारागिराने काढलेल्या नकाशाचे काय? तेथे कॉपीराइट कायद्यात एक विलक्षण कलम आहे. नोंदणी होऊ शकत असूनही न केलेल्या डिझाइनवरून मालकाने किंवा त्याच्या परवानगीने यंत्राद्वारे पन्नासाहून अधिक नग निघाले की त्या डिझाइनमधला कॉपीराइट संपतो. शंभर पिस्टन विकणाऱ्या गरीब माणसाचे हे पन्नास म्हणजे दोन महिन्यांचे काम. राहता राहिला 1999 चा ट्रेड मार्क कायदा. त्याखाली नाव नोंदविले तर दर दहा वर्षांनी ते नवे करून कायमचे राखता येते, आणि 2007 च्या नियमांनुसार जकात खात्याकडे सूचना नोंदवून बंदरावरच नकली माल अडविण्याची मागणीही करता येते. त्यासाठी हमीपत्र व तारण द्यावे लागते. मोठ्या कंपनीच्या वकिलास हे सकाळचे काम. दोन लेथच्या गाळ्यास ते डोंगराएवढे. तथापि इतर सर्व वाटा बंद असताना ही एक उघडी आहे, आणि बहुसंख्य लहान कारागीर तिच्याकडे फिरकतही नाहीत. त्यांस वाटते, आपला पिस्टन चांगला आहे तर नाव कशाला नोंदवायचे? कायद्याची दृष्टी नेमकी उलटी आहे. पिस्टन कोणीही बनवावा, त्यास तो आडकाठी करीत नाही. दुसऱ्याच्या नावाने विकू नये, एवढेच तो म्हणतो. आणि जरा विचार केला तर कायद्याचे हे म्हणणे अगदीच अन्यायाचे नाही. पिस्टनचा आकार कोणा एकाच्या मालकीचा ठरला असता, तर आमचा अंबरनाथचा कारागीर तरी लँब्रेटाचा पिस्टन कशाच्या आधारे बनविता?

ह्यात उल्हासनगरचा दुकानदार कोठे उभा आहे? सुट्या भागांच्या कोणत्याही बाजारात असतो तसा, मध्ये. त्याच्या फळीवर दोन्ही खोकी असतात. त्याच्या आजोबांनी बराकीत बसून दुसऱ्याच्या वस्तूची प्रत काढली असेल. आज त्याच्याच शेजारगावच्या माणसाची प्रत समुद्रापलीकडून येऊन त्याच्या दुकानात उतरते. तो नीतिशास्त्र सांगत बसत नाही. गिऱ्हाईक परिचयाचे असेल तर हळूच विचारतो, गाडी चालवायची आहे की विकायची आहे? चालवायची असेल तर महागाचे खोके पुढे सरकवितो. ह्या एका प्रश्नात त्या धंद्याचे सारे ज्ञान आहे, आणि तो विचारणारा दुकानदार लाभणे हे जुन्या गाडीच्या मालकाचे भाग्य समजावे.

ज्यास असा दुकानदार लाभला नाही, त्याने निदान थोडी तसदी घ्यावी. पिस्टन पायथ्याशी एकदा गजनपिनेच्या दिशेने आणि एकदा तिला काटकोनात मोजावा, मग माथ्याजवळ मोजावा. रिंगेची खुंटी चिमट्याने हलवून पाहावी. पिनेवर चांगल्या कानशीचा कोपरा हलकेच ओढावा; कानस चावली तर पिन मऊ आहे. जोडीने वजन करता आले तर दोन नग तोलून पाहावेत; एकाच खोक्यातले दोन पिस्टन वेगळे भरले तर तिसरा पाहण्याची गरज नाही. आणि तिन्ही ठिकाणचे माप अगदी एकच आले, पिस्टन शाळेतल्या पट्टीसारखा सरळ आणि वर्तुळासारखा गोल निघाला, तर तो तसाच खोक्यात घालून परत करावा. विकलेला माल दुकानदार सहसा परत घेत नाही. म्हणून मायक्रोमीटर खिशात घालून दुकानात जावे, आणि मोजून झाल्यावरच पैसे काढावेत.